टेन्शन कामाचं की 'जरा बोलायचंय'चं?

"कॉर्टिसॉल डिटॉक्स" नावाचा एक व्हिडिओ या आठवड्यात मला तीन वेगवेगळ्या लोकांनी फॉरवर्ड केला. त्यातल्या बाई सांगतात की सकाळी उठल्या उठल्या अंगात स्ट्रेसचं विष वाढतं आणि त्यांची पावडर कोमट पाण्यातून घेतली की ते धुऊन निघतं. अहो, हे 'विष' म्हणजे कॉर्टिसॉल, ताण आला की आपलंच शरीर सोडतं ते हार्मोन. सकाळी ते वाढतंच, जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात बहुतेकांचं वाढतं आणि दिवसाच्या कामाला लागायला त्याची मदत होते असं मानतात. ॲडिसन डिसीजमध्ये ते पुरेसं तयार होत नाही, त्या पेशंट्सना हेच 'विष' आयुष्यभर गोळ्यांमधून घ्यावं लागतं. पावडर राहू दे.

आता खरं टेन्शन बघू. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटता मिटता बॉसचा मेसेज येतो, "सोमवारी आलास की भेट, जरा बोलायचंय." बास, एवढंच. छातीत धडधड होते ती ॲड्रिनलिनची, ती काही सेकंदांत सुरू होते. पण तिच्यामागून एक संथ साखळी हलायला लागते: मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग त्याच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी रक्तातून निरोप धाडते, आणि किडनीच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. ते टोकाला पोचायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणजे धडधड थांबून आपण जेवायला बसलो तरी हे प्रकरण आत चालूच असतं.

मला यातला सगळ्यात भारी वाटतो तो ब्रेक. कॉर्टिसॉल रक्तातून फिरत परत मेंदूत येतं आणि ज्यांनी त्याला बोलावलं त्याच हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीला "पुरे आता" म्हणून सांगतं. हे ऐकायला पेशींकडे दोन प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे हार्मोनला धरून त्याचा निरोप घेणारे रेणू, असतात. पहिला प्रकार मेंदूत मुख्यतः हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी संबंधित भागात सापडतो आणि तो कॉर्टिसॉलला दुसऱ्यापेक्षा साधारण दहापट घट्ट धरतो, त्यामुळे रोजच्या साध्या पातळीलाच तो बराचसा भरलेला असतो. दुसरा ढिला, तो पातळी वर गेली की मगच भरायला लागतो, आणि जोराचा ब्रेक लागतो तो ह्या दुसऱ्यामुळे. थोडक्यात एक रिसेप्टर शांत दिवसांसाठी आणि एक पूर आल्यावर, काय डिझाइन आहे! पण पूर महिनोन्महिने ओसरलाच नाही तर पेशी या निरोपाला नीट दाद देईनाशा होतात आणि ब्रेक घसरायला लागतो. (इथपर्यंत डोकं गरगरलं असेल तर रिसेप्टर विसरा, ब्रेक लक्षात ठेवा.)

मग साखळी हलवतं काय? आपण म्हणतो कामाचा लोड. पण २००४ मध्ये लॅबमधले २०८ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा कॉर्टिसॉल सगळ्यात जास्त वाढवणाऱ्या दोन गोष्टी निघाल्या: परिस्थिती आपल्या हातात नसणं आणि लोक आपल्याला जोखत असणं. नुसतं अवघड काम फारसं काही करत नव्हतं.

२०१६ चा लंडनचा प्रयोग तर माझा फेवरेट. कॉम्प्युटर गेममध्ये दगड उलटायचे, खाली साप आहे की नाही ते आधी ओळखायचं, साप निघाला तर हाताला खराखुरा शॉक. शास्त्रज्ञ डोळ्यांच्या बाहुल्या आणि घाम मोजत होते. आपल्याला वाटेल शॉक नक्की बसणार असेल तेव्हा सगळ्यात जास्त ताण येईल, पण नाही, सर्वाधिक ताण आला तो शक्यता ५० टक्के असताना! शॉक पक्का ठाऊक असला की माणूस तुलनेनं निवांत. 'जरा बोलायचंय' हा शुद्ध ५० टक्केवाला मेसेज आहे.

रिपोर्टची वाट बघणं, ट्रॅफिक, नोकरी टिकेल का, घरातल्या आजारी माणसाची रात्र कशी जाईल, ह्या सगळ्यांत हाच साप असतो. झोप कमी झाली की तो अजून मोठा दिसतो.

ऑफिसचं म्हणाल तर ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास बघा, १९६७ मध्ये सुरू झालेला. साहेब लोकांना टेन्शन जास्त म्हणून हार्ट ॲटॅक जास्त, हा आपला लाडका समज तिथे पार उलटा पडला, हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण सगळ्यात खालच्या पायरीवर जास्त होतं, आणि सिगारेट, ब्लडप्रेशर वगैरे धरूनही पूर्ण फरकाचा हिशोब लागेना. नंतरच्या अभ्यासात कामावर ताबा नसणं हा त्यातला एक मोठा धागा निघाला. साहेबाला मीटिंग नको असेल तर तो ती पुढे ढकलतो. ज्याला उद्याची शिफ्ट आज रात्री दहा वाजता मेसेजवर कळते, तो काय ढकलणार?