गॅलरीतला पक्षी: पारवा की कबुतर?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये सध्या दोन तट पडलेत. एक गॅलरीच्या कठड्यावर सकाळी मूठभर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, टाकणाऱ्यांचा, दुसरा जाळी बसवणाऱ्यांचा. मागच्या मीटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "पाखरांना दाणं घालायची आपली जुनी रीत हाय." त्यावर लगेच पलीकडून आलं, "आजी, पूर्वी एवढी कबुतरं होती कुठं?" दोघांच्याही म्हणण्यात अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं पक्ष्याच्या नावात अडकलंय. आजी ज्याला पारवा म्हणतात त्यालाच त्यांची नात कबुतर म्हणते. हे दोन शब्द दोन वेगळ्या इतिहासांतून आलेत आणि गॅलरीत येईपर्यंत ते एकाच पक्ष्याला चिकटलेत.

पारवा हा संस्कृत 'पारावत'चा मराठी अवतार. कबुतर फारसीतून आलं, आणि त्याचं नातं 'कबूद' म्हणजे निळसर राखाडी या रंगाशी लावतात. संस्कृतातला 'कपोत' हा पक्षीही आहे आणि रंगही. आपल्याकडंही पारवा रंगाचं लुगडं असायचं. म्हणजे सगळ्यांना आधी दिसला तो रंग. मानेवर हिरवी-जांभळी झाक आणि मिटलेल्या पंखावर दोन काळे पट्टे, हे वर्णन कातळावरच्या रानपारव्याचं.

रानपारवा हा मुळात कड्याचा पक्षी. झाडावर तो फारसा बसत नाही, घरटं तर झाडावर करतच नाही. त्याला हवी असते डोक्यावर छप्पर असलेली दगडाची अरुंद कड. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये अशा कपारींना तोटा नाही. माणसानं इथं जे जे दगडात बांधलं त्यातही त्याला त्या सापडत गेल्या: लेणी, किल्ल्यांच्या तटातली भोकं, देवळांची शिखरं, विहिरी. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे. विरूबाई भोसले यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतलेली, अष्टकोनी, आतल्या आत महाल असलेली. आत वाकून पाहिलं की पारव्याच्या डोळ्यानं विहीर कशी दिसत असेल ते कळतं. ती त्याला उलटा उभा केलेला कडाच वाटत असणार. गावाकडच्या साध्या विहिरीतही चिऱ्यांच्या सांदीत पारवे असायचे. पोहायला उडी मारली की फडफडत वर उठायचे आणि आपल्या डोक्यावरून जायचे.

पुढं वाडे आले आणि त्यांच्या देवळ्या, माळे, वळचणी. मिरज जंक्शनचे पत्रे आणि लोखंडी कैच्या आल्या. 1929 साली कृष्णेवर आयर्विन पूल झाला, त्याच्या कमानी आल्या. मार्केट यार्डातली गोदामं आली, तिथं पोती फुटतात आणि जोंधळा, गहू सांडतो. (हळदीला मात्र हे पक्षी चोच लावत नाहीत. सांगलीत राहून हळदीशी काही देणंघेणं नसलेला बहुधा हा एकच रहिवासी.) आणि आता फ्लॅट. गॅलरीची स्लॅब, एसीच्या आउटडोअर युनिटमागची वीतभर जागा, बाथरूमच्या खिडकीचा सज्जा. बिल्डर ब्रोशरवर काहीही छापू दे, पारव्याला दिसतो तो पाच मजली कडा, प्रत्येक मजल्यावर कपारी असलेला.

आता आजींची जुनी रीत. घरात किंवा दारात आलेल्या या पक्ष्याकडं जुनं वाङ्मय फारसं प्रेमानं बघत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 165 वं सूक्त कपोताचं आहे. तो निर्ऋतीचा, म्हणजे नाशाच्या देवतेचा, दूत म्हणून घरात शिरलाय, चुलीच्या अग्नीपाशी पाय ठेवतोय, आणि घरातली माणसं विनवताहेत की हा पक्षी आम्हाला शुभ ठरो, निरुपद्रवी ठरो. आपल्या बोलण्यातही ओसाड वाड्याचं वर्णन 'आत पारवे घुमतात' असंच होतं. माणसं गेली की पारवे येतात, अशी ती समजूत. महाभारतातल्या शिबी राजानं ससाण्यापासून कपोताला वाचवायला मांडीचं मांस कापून दिलं खरं, पण ते अभयदान होतं, रोजचा चारा नव्हता.

अवधूताच्या चोवीस गुरूंमध्येही कपोत आहे. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जाणाऱ्या सांगलीकराला हे वेगळं सांगायला नको. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ही कथा एकनाथांनी 1573 साली काशीत पूर्ण केलेल्या टीकेतून मराठीत विस्तारानं आली. पिल्लं पारध्याच्या जाळ्यात सापडतात, त्यांच्यामागं आई जाते, तिच्यामागं बाप. संसारात किती गुंतू नये ते अवधूत त्यावरून शिकतो. पंचतंत्रातला कपोतराज चित्रग्रीवही जाळ्यात अडकतो, तो जमिनीवर पसरलेले दाणे टिपायला थवा उतरल्यामुळं. आपल्या जुन्या गोष्टींत पारव्यांपुढं दाणे टाकणारा असतो तो पारधी! हे मी मीटिंगमध्ये बोललो नाही. आजींना वाईट वाटलं असतं.

मराठी घरात दाणे घालायची रीत होती, फक्त तिचे मानकरी वेगळे होते. कावळ्याला घास, गाईला घास, चिमण्यांसाठी वळचणीला टांगलेली भाताची लोंबी. पारवा आपलं आपण खळ्यावरून टिपून न्यायचा. कुणी त्याला बोलवायचं नाही आणि कुणी फारसं हाकलायचंही नाही.

बोलावून, नावानं हाक मारून दाणे घातले जायचे ते कबुतराला. कबुतर म्हणजे ढाबळीतलं, पाळायच्या खुराड्यातलं. माणसानं रानपारवा पाळायला घेतल्याला किमान पाच हजार वर्षं झाली. लक्का, लोटण, गिरेबाज, शिराजी असे त्याचे किती प्रकार काढले याला गणती नाही. दिसायला एकमेकांशी काही संबंध नसावा इतके ते वेगळे, पण सगळ्यांचा मूळ पुरुष हा कातळावरचा राखाडी पारवाच, हे चार्ल्स डार्विननं 1859 साली मांडलं, आणि त्यासाठी त्यानं स्वतः घरी कबुतरं पाळली होती. आपल्याकडं या शौकाला दरबारी थाट आला मुघलांच्या काळात. अकबर कबुतरबाजीला 'इश्कबाजी' म्हणायचा. अबुल फझलनं नोंदवून ठेवलंय की बादशहाकडं वीस हजारांवर कबुतरं होती आणि त्यांतली पाचशे 'खासा', म्हणजे निवडक. दिल्ली-आग्र्याचा हा नाद दख्खनच्या शहरांतही रुजला. मिरजेला किंवा कोल्हापूरला जुन्या वस्तीत गच्चीवर ढाबळ बांधलेली आणि मालक आभाळाकडं मान करून उभा, हे दृश्य ज्यानं पाहिलंय त्याला कबुतर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तो मालक पक्ष्यांकडं बघत नाही, हिशेब ठेवत असतो.

ढाबळीतल्या पक्ष्याचा मोठा गुण म्हणजे घर न विसरणं. त्याचा उपयोग ओडिशा पोलिसांनी 1946 पासून केला. लष्करानं दिलेल्या दोनशे कबुतरांवर कोरापुटमध्ये ही टपाल सेवा सुरू झाली आणि पुढं कित्येक दशकं चालली. 1948 मध्ये पंडित नेहरूंनी संबळपूरहून कटकला कबुतराकरवी निरोप धाडला होता. 2005 आणि 2019 च्या महापुरात फोन बंद पडलेल्या सांगलीत बसून हे वाचलं की हसू येत नाही.

पण प्रत्येक पक्षी परत येत नाही. काही भरकटतात, काहींचा मालक शौक सोडतो, काही दुसऱ्या थव्यात मिसळतात. शतकानुशतकं ढाबळीतून सुटलेली ही कबुतरं पारव्यांत मिसळत गेली, कारण दोघांची जात एकच. म्हणून गॅलरीतला थवा नीट बघावा. एखादा अस्सल राखाडी, दोन पट्ट्यांचा. दुसऱ्याच्या पंखावर काळी ठिपकेदार चौकट. तिसरा विटकरी. चौथ्याच्या पिसाऱ्यात भलतीच पांढरी पिसं. राखाडी सोडून जे जे काही दिसतं ते बहुतेक ढाबळीतून आलेलं. आणखी एक खूण आहे. युरोपातल्या रानपारव्याची पाठ शेपटीच्या वर पांढरी असते, आपल्याकडच्याची राखाडी. एका सकाळी एका गॅलरीत एवढी वंशावळ वाचता येते, त्यासाठी दुर्बीणही लागत नाही.

कायद्यालाही या पक्ष्याचं काय करावं ते पटकन उमगलं नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या चौथ्या अनुसूचीत बराच काळ कबुतरांचं सगळं कुळ संरक्षित होतं, आणि पुढं अपवाद म्हणून एकच नाव होतं, ते याचं.

चौकात पोतंभर दाणे ओतायची रीत गुजरात-राजस्थानकडची. तिथं गावोगावी खांबावरचे नक्षीदार चबुतरे पक्ष्यांसाठी उभे आहेत. व्यापारी पेठांबरोबर, जीवदयेच्या भावनेबरोबर ती मुंबईत आली. दादरचा कबुतरखाना 1933 चा. 2025 च्या जुलैमध्ये मुंबईतले एक्कावन्न कबुतरखाने बंद करण्याचं सरकारनं विधान परिषदेत सांगितलं, दादरला ताडपत्री लागली, ऑगस्टमध्ये लोकांनी ती फाडली, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. आमच्या अपार्टमेंटमधली जाळी विरुद्ध शाळू ही लढाई त्या बातम्यांनंतर पेटली. त्याआधी आजी दाणे टाकत होत्या आणि कुणाचं लक्षही नव्हतं.

जाळीवाल्यांचा मुद्दा तब्येतीचा आहे, आणि तो खोटा नाही. विष्ठेतली आणि पिसांतली बारीक धूळ सतत छातीत गेली तर काहींच्या फुप्फुसांना सूज येते, आणि दुखणं जुनं झालं की ती कायमची निबर होतात. हा आजार 1960 च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत आला तो कबुतरं पाळणाऱ्यांचा आजार म्हणूनच. थोडक्यात, दुखणंही ढाबळीतूनच गॅलरीत आलं.

दाण्यांबद्दल मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना तिला अळ्या-किडे भरवावे लागतात. गॅलरीत कितीही कण्या टाका, किडे नसतील तर चिमणीची पिल्लं वाढत नाहीत. पारव्याचं तसं नाही. नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दह्यासारखा दाट रस तयार होतो आणि सुरुवातीचे दिवस पिल्लं त्यावरच वाढतात. हा रस तयार व्हायला आईबापांना दाणेच पुरतात. म्हणजे आपण टाकलेली शाळूची मूठ सरळ पुढच्या पिढीत जाते, तीही बारा महिने, कारण याच्या विणीला ऋतूचं बंधन नाही. एका वेळी दोन अंडी, सतरा-अठरा दिवस उबवणं, महिनाभरात पिल्लू उडायला तयार, तोवर पुढच्या अंड्यांची तयारी. शिवाय शहरात कड्यावरचे ससाणे फारसे नाहीत. मग 'पूर्वी एवढी कबुतरं होती कुठं' याचं उत्तर कुणावर ओरडून मिळणार नाही. पूर्वी एवढे कडे नव्हते आणि दारात आयते दाणे नव्हते.

माझं स्वतःचं मत झालंय: बघावं, दाणे घालू नयेत. बघायला खूप आहे. हा पक्षी पाणी पिताना मान वर करत नाही, चोच बुडवून ओढून घेतो, ढोरासारखा. यंदा दिवाळीनंतर आमच्या एसीमागं एका जोडीनं चार काटक्या आणि झाडूचे दोन हीर टाकून घरटं म्हणण्यापुरतं घरटं केलं. सकाळी दहाच्या सुमाराला नर येऊन बसायचा, मादी उठून जायची, दुपार कलली की पुन्हा अदलाबदल. नर अगदी राखाडी, दोन पट्ट्यांचा, लिंबच्या विहिरीत शोभला असता. मादीच्या उजव्या पंखात तीन पांढरी पिसं. पिल्लं दोन झाली. पिवळ्या केसांची, बेडौल चोचीची, खरं सांगायचं तर कुरूप. तिसऱ्या आठवड्यात अंगावर पिसं फुटली तेव्हा एक बापावर गेलेलं निघालं. दुसऱ्याच्या पंखात एक पांढरं पीस होतं.

आजींनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो पारवा न्हवं."