पाचोळा ऊब देण्यासाठी नसतो

"थंडी पडायच्या आत फुलझाडांवर पाचोळ्याचा जाड थर द्या, मुळं उबदार राहतात." टोरांटो-शिकागोकडे बाग करणाऱ्या आपल्या मंडळींतही हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. एकिनेशिया, होस्टा, डे-लिली या दरवर्षी मुळांतून पुन्हा फुटणाऱ्या झाडांना गोठलेली जमीन सोसते. विश्रांतीसाठी थंडी त्यांना हवीच असते. घात होतो तो जमीन दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठू लागली की. पाण्याचा बर्फ होताना माती फुगते आणि उथळ मुळांचं रोप वर ढकललं जातं. मार्चमध्ये ह्युकेरासारख्या उथळ मुळांच्या रोपाकडे जरा वाकून बघा: गड्डा (मुळं आणि देठ जिथे जुळतात तो भाग) मातीच्या वर आलेला, मुळं उघडी, वाऱ्याने सुकलेली. म्हणून पाचोळा जमीन गोठल्यावर घालायचा, ५ ते १० सेंटिमीटर, म्हणजे ती गोठलेलीच राहते. आधी घातला तर ओल धरून गड्डा कुजतो, उंदीरही घर करतात.

कुंडीचं मात्र वेगळं. तिथे गारठा चहूबाजूंनी आत शिरतो, आणि मुळं गड्ड्यापेक्षा नाजूक असतात. तरी कुंडी उबदार दिवाणखान्यात आणू नका, झाडाची झोप मोडते. हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये ठेवा आणि माती अगदीच कोरडी पडली तर थोडं पाणी द्या.