ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दगडी वाडे: पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत जुन्या घराला अजूनही ‘वाडा’च म्हणतात आणि शहराचा मध्यवर्ती चौक ‘महाराज बाडा’ या नावाने ओळखला जातो. मात्र पुण्या-साताऱ्याकडचा वाडा मनात धरून आलेला पाहुणा पहिल्याच चौकात थबकतो. तिकडे सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट असतात. येथे खांब दगडाचे, छज्जे तोलणाऱ्या टोड्या दगडाच्या आणि छतसुद्धा लांबलचक दगडी पटियांचे, म्हणजे सपाट फरशांचे असते.

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून आपला तळ हलवून किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी टाकली, तेव्हापासून या वस्तीला ‘लष्कर’ हे नाव पडले. राहुट्यांच्या जागी घरे उभी राहू लागली, तेव्हा सरदार, कारकून आणि भिक्षुक यांनी चौक, ओसरी, माजघर, देवघर आणि तुळशीवृंदावन हा घराचा आराखडा दक्षिणेतून आणला. दगड आणि तो घडवणारे हात मात्र येथलेच होते. दख्खनचा काळा पाषाण कठीण आणि घडवायला चिवट असतो, तर विंध्य पर्वताच्या कुळातला येथील वालुकाश्म थराथराने सुटतो, त्यामुळे खाणीतूनच पटिया निघते आणि तिच्यावर बारीक जाळी कोरता येते. ग्वाल्हेरचा राजा मानसिंह तोमर याच्या (कारकीर्द १४८६–१५१६) मानमंदिर या किल्ल्यावरच्या राजवाड्यात आणि सोळाव्या शतकातले सूफी संत महंमद घौस यांच्या मकबऱ्यात हे कसब आपल्या लोकांच्या कितीतरी आधी पूर्णत्वास पोहोचले होते. वाड्याच्या जाळीतून दुपारी ओसरीवर जी नक्षीदार सावली पडते, ती त्याच परंपरेची आहे.

दगडी वास्तूंविषयी येथे सांगितली जाणारी सर्वांत लाडकी दंतकथा गुजरी महालाची आहे. राई गावच्या एका गुजर मुलीने झुंजणाऱ्या दोन म्हशींना हाताने दूर सारले. ते पाहून मानसिंहाने तिला मागणी घातली, आणि माझ्या गावच्या नदीचे पाणी महालापर्यंत आणले तरच येईन, अशी अट तिने घातली, असे सांगतात. हीच मृगनयनी. कथेतील तपशिलाला इतिहासाचे वजन देता येणार नाही. परंतु किल्ल्याच्या पायथ्याशी तिचा महाल आजही उभा असून त्यात पुरातत्त्व संग्रहालय आहे. मला ही कथा मोलाची वाटते ती त्या पाण्यासाठी. उन्हाळ्यात तापलेल्या पटियांखाली ज्याने दिवस काढले आहेत, त्याला त्या मुलीची अट मुळीच अवास्तव वाटणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरीव कामाची मागणी घटली. बेकार होऊ लागलेल्या कारागिरांना काम मिळावे या हेतूने मेजर कीथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली एक भव्य दगडी दरवाजा घडवण्यात आला. तो १८८३ मध्ये कोलकात्याच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडला गेला आणि आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

मागे राहिलेल्या वाड्यांचा खरा शत्रू ओल आहे. वालुकाश्माला लोणा लागला की त्याचे पापुद्रे सुटू लागतात, आणि चुन्याच्या जागी सिमेंट थापल्याने आत अडकलेली ओल दगडालाच पोखरते. उंबऱ्याजवळच्या खांबावर बोट फिरवले तर आजही बोटाला पिवळसर रवाळ भुकटी लागते.