ऑब्जेक्ट फाइलमधल्या रिकाम्या जागा

पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही मायक्रोप्रोसेसर लॅबबद्दल विचारा, दोन कमांड अजून तोंडपाठ असतात. पहिली नॅसम या असेंबलरची, दुसरी एलडी या लिंकरची (तो ऑब्जेक्ट फाइल जोडून चालणारा प्रोग्राम बनवतो), मग डॉट-स्लॅश मारून प्रोग्राम रन करायचा, आउटपुट जर्नलमध्ये उतरवायचं आणि सही घ्यायची. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पोरांनी वर्षानुवर्षं ही प्रॅक्टिकल्स अशीच केलीत. पण त्या दोन कमांडच्या मधे एक फाइल तयार होते, डॉट ओ एक्स्टेन्शनची, ती मात्र कुणी उघडून बघत नाही, आणि मला विचाराल तर अख्ख्या प्रॅक्टिकलमधली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट तीच आहे. तीच ऑब्जेक्ट फाइल, आणि ती बनवणारा असेंबलर.

आधी अगदी थोडक्यात, कारण सगळे वाचणारे इंजिनिअर नसतात. प्रोसेसरला फक्त आकडे कळतात. ईएएक्स नावाच्या रजिस्टरमध्ये (म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात) ५ ठेव हे त्याला सांगायचं असेल तर मेमरीत बी८ ०५ ०० ०० ०० (हे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेत) असे पाच बाइट ओळीने असावे लागतात. माणसाला हे लक्षात ठेवणं अवघड, म्हणून आपण मूव्ह ईएएक्स कॉमा ५ असं लिहितो आणि असेंबलर त्याचे ते पाच बाइट करतो. बी८ म्हणजे 'पुढचे चार बाइट ईएएक्समध्ये टाक', आणि पुढे चार बाइटात लिहिलेले ५. इंटेलच्या पद्धतीत लहान भाग आधी येतो म्हणून ०५ पुढे आणि शून्यं मागे, बघायला उलटं वाटतं पण दोन-तीनदा बघितलं की डोळा सरावतो.

आता एक छोटा प्रोग्राम घेऊ, चारच इन्स्ट्रक्शनचा (म्हणजे प्रोसेसरला द्यायच्या आज्ञांचा), फाइलचं नाव बेरीज डॉट एएसएम. बेरीज नावाचं लेबल (म्हणजे त्या जागेला दिलेलं नाव), त्याखाली ईएएक्समध्ये ५ ठेवा, त्यात ७ मिळवा, मग दाखव नावाच्या फंक्शनला कॉल करा, मग रिटर्न. यातलं दाखव हे फंक्शन या फाइलमध्ये नाहीच, ते दुसऱ्या कुठल्यातरी फाइलमध्ये आहे, म्हणून वरती 'एक्सटर्न दाखव' असं लिहायचं, आणि बेरीज बाहेरच्यांना दिसावं म्हणून 'ग्लोबल बेरीज'. मग टर्मिनलवर:

नॅसम -एफ एल्फ६४ -ओ बेरीज.ओ बेरीज.एएसएम

एंटर मारलं की काहीच छापून येत नाही, प्रॉम्प्ट परत येतो, म्हणजे सगळं नीट झालं. (खरं टाइप करताना अर्थातच हे सगळं इंग्रजी अक्षरांत.) आता ऑब्जडंप नावाचं टूल आहे, त्याला हायफन डी देऊन ही फाइल दाखवली की आतला कोड समोर येतो. पहिल्या ओळीत बी८ ०५ ०० ०० ००, हे आपलं ओळखीचं. दुसरीत ८३ सी० ०७, म्हणजे ७ मिळव, हे तीनच बाइटात बसलं कारण ७ लहान आकडा आहे आणि लहान आकड्यांसाठी वेगळं आखूड एन्कोडिंग असतं, असेंबलरने ते आपणहून निवडलं. शेवटी सी३, रिटर्न. आणि मधे कॉलच्या जागी ई८ ०० ०० ०० ००.

इथे जरा थांबा. ई८ म्हणजे कॉल, ते ठीक, पण कुणाला? पुढचे चारही बाइट शून्य. असेंबलरला दाखव कुठे आहे हे माहीतच नाही, आणि माहीत असायचं कारणही नाही कारण ती फाइल कदाचित अजून लिहिलीसुद्धा गेली नसेल. म्हणून त्याने अंदाज केला नाही, चार बाइटची जागा मोकळी सोडली आणि फाइलमध्येच दुसरीकडे एक नोंद करून ठेवली: या सेक्शनच्या (फाइलमधल्या कोडच्या भागाच्या) सुरुवातीपासून ९ व्या बाइटवर चार बाइट रिकामे आहेत, तिथे दाखवचं अंतर भरायचं, आणि भरताना ४ वजा करायचे. बिल्डिंगचं काम चालू असताना गवंडी भिंतीत बोर्डसाठी चौकोनी खाच सोडतो आणि शेजारी खडूने वायरमनसाठी लिहून ठेवतो, तसंच हे. या नोंदीला रिलोकेशन म्हणतात. ऑब्जडंपला हायफन डीच्या जोडीला हायफन आर दिलं की ती त्या ई८ च्या बरोबर खाली छापून येते.

आता ते ४ का वजा करायचे? पोरं हे बघतात, ओरलला कुणी विचारत नाही म्हणून सोडून देतात, पण याचं उत्तर फार सुंदर आहे. कॉल करताना प्रोसेसर अंतर मोजतो ते पुढच्या इन्स्ट्रक्शनपासून, आणि रिकामी जागा आहे त्याच्या चार बाइट आधी. समजा लिंकरने बेरीज १००० या पत्त्यावर ठेवलं आणि दाखव १०३२ वर. रिकामी जागा १००९ वर, पुढची इन्स्ट्रक्शन १०१३ वर. १०३२ मधून १००९ गेले, उरले २३, त्यातून ४ गेले, १९. आणि १०१३ पासून १९ पुढे गेलं की बरोबर १०३२. तेव्हा लिंकर त्या जागी १९ भरतो, हेक्समध्ये १३, म्हणजे फायनल प्रोग्राममध्ये तुम्हाला ई८ १३ ०० ०० ०० दिसेल. हे एकदा कागदावर स्वतः करून बघाच, लिंकिंग नावाचं जे काही गूढ असतं ते त्या एका वजाबाकीत बरंचसं सुटतं.

एनएम नावाचं अजून एक छोटं टूल आहे, ते फाइलमधली फक्त नावं दाखवतं. आपल्या फाइलवर चालवलं तर दोन ओळी येतात: बेरीजच्या समोर टी, म्हणजे हे इथे कोडमध्ये आहे, आणि दाखवच्या समोर यू, म्हणजे हे मला हवंय पण माझ्याकडे नाही, आणि त्या ओळीत पत्त्याची जागाही कोरी. कुठल्याही मोठ्या प्रोजेक्टमध्ये लिंक होत नाही म्हणून डोकं धरून बसलेल्या माणसाने आधी एनएम चालवावं असं माझं स्पष्ट मत आहे, निम्मा वेळ वाचतो.

बाहेरची नावं लिंकरवर सोडली तरी फाइलच्या आतल्या उड्या असेंबलरलाच सोडवाव्या लागतात, आणि ते काम दिसतं त्यापेक्षा किचकट आहे. वरच्या ओळीत 'शेवटला जा' असं लिहिलंय आणि शेवट हे लेबल अजून पन्नास ओळी खाली आहे, मग तिथे पोचायच्या आधी पत्ता कसा लिहिणार? म्हणून जुनी पद्धत दोन फेऱ्यांची, पहिल्या फेरीत नुसती प्रत्येक इन्स्ट्रक्शनची लांबी मोजत जायचं आणि लेबलांचा तक्ता करायचा, दुसऱ्या फेरीत बाइट लिहायचे. पुण्यातल्या पोरांना हा पास वन, पास टू ओळखीचा असतो, थर्ड इयरला सिस्टिम्स प्रोग्रामिंगच्या लॅबमध्ये स्वतः लिहावा लागतो. पण इंटेलच्या प्रोसेसरवर एक मेख आहे. जवळची उडी दोन बाइटात बसते, ती मागे १२८ आणि पुढे १२७ बाइटपर्यंतच जाते, त्यापेक्षा लांब जायचं तर पाच बाइट लागतात, उडीला अट असेल तर सहा. आता लांबी ठरवायला अंतर हवं आणि अंतर ठरवायला मधल्या सगळ्या उड्यांची लांबी हवी! म्हणून नॅसम दोन फेऱ्यांवर थांबत नाही, आकडे बदलायचे थांबेपर्यंत परत परत फिरतो आणि मगच फाइल लिहितो.

असेंबलर म्हणजे नुसता शब्दाला बाइट असा तक्ता, हा समज इथेच मोडतो. आरएएक्समध्ये (६४ बिटचं रजिस्टर, ईएएक्स हा त्याचाच खालचा अर्धा भाग) १ टाक असं लिहिलं तर नॅसम पाच बाइट काढतो, कारण ६४ बिट मोडमध्ये ईएएक्समध्ये लिहिलं की आरएएक्सचा वरचा अर्धा भाग आपोआप शून्य होतो हे त्याला माहीत आहे, तर जीएनयूचा असेंबलर एएस, वेगळं काही सांगितलं नाही तर, त्याच ओळीचे सात बाइट करतो. परिणाम तोच, फाइल वेगळी.

ही सगळी यातायात करायची कल्पना पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आली? लंडनच्या बर्कबेक कॉलेजमध्ये कॅथलीन बूथ यांनी १९४७ च्या सुमारास एआरसी या मशीनसाठी असेंब्ली भाषेचं पायाभूत काम केलं, त्या २०२२ मध्ये वयाच्या १०० व्या वर्षी गेल्या. आणि केंब्रिजला १९४९ मध्ये एडसॅक हे मशीन सुरू झालं तेव्हा डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने इनिशियल ऑर्डर्स लिहिल्या, फक्त ३१ ऑर्डर्सचा प्रोग्राम, जो पंच केलेल्या टेपवरची एका अक्षराची आज्ञा आणि दशमान आकडा वाचून मशीनच्या भाषेत करायचा. त्याच वर्षी त्याची सुधारित आवृत्ती आली तिच्यात सबरूटीन मेमरीत कुठेही ठेवली तरी आतले पत्ते आपोआप जुळवून घ्यायची सोय होती. म्हणजे आपली ती रिकामी जागा भरायची युक्ती पंचाहत्तर वर्षांहून जुनी आहे, आणि नॅसम सायमन टॅथम आणि ज्युलियन हॉल यांनी लिहिला तो १९९६ चा.

आता हायफन एफबद्दल, म्हणजे नॅसमच्या कमांडमध्ये फाइलचा फॉरमॅट सांगणाऱ्या त्या भागाबद्दल, कारण सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत वर राहणारी एक मुलगी सेकंड इयरला आहे, ती लॅपटॉप घेऊन खाली आली, म्हणाली, "काका, लॅबमध्ये चालतं आणि घरी एरर येते, कोड तोच आहे." तिने हायफन एफ टाकलंच नव्हतं, लॅबमध्ये स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं होतं म्हणून तिथे चालायचं. नॅसमला फॉरमॅट सांगितला नाही तर तो बिन धरतो, म्हणजे नुसते बाइट, ना नावांचा तक्ता ना रिलोकेशन. बूट सेक्टर (मशीन सुरू होताना डिस्कवरून पहिल्यांदा वाचला जाणारा कोड) लिहायला तो उत्तम, पण त्यात 'हे बाहेरून घ्या' अशी नोंद करायला जागाच नाही, म्हणून एक्सटर्नवर तो थेट नकार देतो. लिनक्सला एल्फ६४, विंडोजला विन६४, मॅकला मॅको६४, कोडचे बाइट बहुतेक सारखेच असतात, त्यांच्याभोवतीची कागदपत्रं बदलतात.

त्या कागदपत्रांचं पहिलं पान मी तिला उघडून दाखवलं. एल्फ (लिनक्सच्या ऑब्जेक्ट फाइल आणि प्रोग्रामचा फॉरमॅट) फाइलचे पहिले चार बाइट कायम ७एफ ४५ ४सी ४६, त्यातले शेवटचे तीन म्हणजे ई, एल, एफ ही अक्षरं. सुरुवातीपासून १६ बाइट सोडून एक आकडा आहे: ऑब्जेक्ट फाइल असेल तर १, चालवायचा प्रोग्राम असेल तर २, आणि शेअर्ड लायब्ररी असेल तर ३ (हल्लीचे बरेचसे प्रोग्रामही ३ वालेच असतात). त्याच्या लगेच पुढे प्रोसेसरचा नंबर, आपल्या लॅपटॉपचा ६२, ३२ बिट आर्मचा ४०, रिस्क-फाइव्हचा २४३. डॉट ओ फाइलला जबरदस्तीने एक्झिक्युट परमिशन देऊन चालवायचा प्रयत्न केला तर लिनक्स एक्झेक फॉरमॅट एरर देतो, कारण तिथे १ आहे. ती म्हणाली, "एवढंच?" हो, एवढंच, कर्नल (लिनक्सचा गाभा) तो आकडा बघतो आणि परत पाठवतो.

अजून एक गंमत बीएसएस सेक्शनची, म्हणजे सुरुवातीचं मूल्य न दिलेल्या डेटाच्या भागाची. डेटा सेक्शनमध्ये दहा लाख बाइटचा ॲरे आकड्यांसकट लिहिला तर फाइल दहा लाख बाइटने फुगते, पण बीएसएसमध्ये दहा लाख बाइट राखून ठेवले तर फाइल जवळपास आहे तेवढीच राहते, कारण तिथे फक्त 'एवढी जागा लागेल' हा आकडा लिहिला जातो. मग ती जागा शून्य कोण करतं? लिनक्सवर ऑपरेटिंग सिस्टिम. पण चाकण-पिंपरीच्या गाड्यांमधल्या कंट्रोलरवर ऑपरेटिंग सिस्टिम नसेल तर? तिथे स्टार्टअप कोड असतो, बऱ्याचदा असेंब्लीतच लिहिलेला, मेनच्या आधी चालणारा, तो बीएसएसवर शून्यं भरतो आणि डेटाची सुरुवातीची मूल्यं फ्लॅशमधून रॅममध्ये कॉपी करतो. हिंजवडीत एम्बेडेडमध्ये काम करणारा माणूस इंटेलच्या लॅपटॉपवर बसून आर्मचा असेंबलर चालवतो आणि आर्मची ऑब्जेक्ट फाइल काढतो, त्यात काहीच अडचण नाही, असेंबलरला तो कोड चालवायचा नसतोच, फक्त बाइट लिहायचे असतात.

आणि ज्यांना वाटतं की आपण सी लिहितो, असेंबलरशी आपला काय संबंध, त्यांनी जीसीसीला (सीच्या कंपायलरला) एकदा हायफन सेव्ह-टेम्प्स देऊन बघावं. तुमच्या सी फाइलची आधी डॉट एस म्हणजे असेंब्लीची फाइल होते, ती जीसीसी मुकाट्याने एएसला देतो आणि त्यातून डॉट ओ येते, रोज, प्रत्येक वेळी.

शेवटी घरी करून बघायला. उबंटूवर नॅसम एका कमांडने येतो. बेरीज.एएसएम मधली एक्सटर्नची ओळ काढा आणि परत असेंबल करा, दाखव हे नाव डिफाइन केलेलं नाही म्हणून नॅसम तिथेच अडवेल. मग तोच प्रोग्राम एएसच्या पद्धतीने लिहून त्याला द्या, तो एक शब्द बोलणार नाही, न सापडलेलं प्रत्येक नाव तो बाहेरचंच समजतो आणि यू लावून फाइल लिहून मोकळा होतो, तक्रार नंतर लिंकर करेल, अनडिफाइंड रेफरन्स म्हणून. तेव्हा एरर आली की आधी ती कुणी दिली ते बघा: नॅसमने दिली असेल तर चूक एएसएम फाइलमध्ये शोधायची, आणि एलडीने दिली असेल तर लिंकच्या कमांडमध्ये कुठली डॉट ओ द्यायची राहिली ते बघायचं.