मेन कून मांजराची निगा (गोवा)

अमेरिकेच्या ईशान्य टोकाकडील मेन राज्यात उदयास आलेल्या, लांब केसांच्या व मोठ्या बांध्याच्या मेन कून मांजराचे गोव्याच्या उष्ण, दमट हवेतील संगोपन. 1985 मध्ये मेनने या जातीला राज्याच्या अधिकृत मांजराचा दर्जा दिला. बोक्याचे वजन साधारणतः 6 ते 8 किलो भरते आणि पूर्ण वाढ होण्यास 3 ते 4 वर्षे लागतात. मानेभोवतीची आयाळ, पोटाखालचे लांब केस आणि पंजांतील झुबके ही सारी हिमप्रदेशातली सामग्री आहे.

गोव्यात या मांजराला उन्हाळ्याइतकाच पावसाळाही जाचतो. जूननंतर जेथे दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, तेथे अंगावरच्या आतल्या लवेत मुरलेला ओलावाही लवकर निघत नाही. केसांचा गुंता होतो, त्याखालची कातडी कोंदते आणि बुरशीमुळे नायटा होण्याचा संभव वाढतो. म्हणून एरवी आठवड्यातून दोन-तीनदा पुरणारे विंचरणे या दिवसांत रोज करावे आणि आंघोळ घातल्यास केस मुळापर्यंत कोरडे करावेत. विरळ दातांचा धातूचा कंगवा वापरावा; कानांमागे, काखेत व मांड्यांच्या मागे मात्र आधी बोटांनी चाचपावे, कारण वरून केस मोकळे दिसले तरी गाठी तेथेच दडलेल्या असतात. घट्ट गाठीला कात्री लावू नये. मांजराची पातळ कातडी गाठीबरोबर वर ओढली जाते आणि तीच कापली जाते. उन्हाळ्यात सगळे अंग भादरून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु केस उन्हापासून कातडीचे रक्षणही करत असल्याने तो सरसकट मानण्याजोगा नाही.

जुन्या कौलारू घरांतील थंड लादी या मांजराला मानवते. पणजी-मडगावच्या फ्लॅटांत पंखा किंवा एसी आणि बाल्कनीला जाळी हवी. तोंड उघडून धापा टाकणे कुत्र्यात नेहमीचे असले, तरी विसावलेल्या मांजरात ते धोक्याचे लक्षण असून पशुवैद्याकडे तातडीने न्यावे. गोचिडी-पिसवांसाठी कुत्र्यांचे परमेथ्रिनयुक्त औषध कदापि लावू नये. ते मांजराच्या जिवावर बेतते.

घरात रोज मासळी असली, तरी केवळ बांगड्या-तारल्यांवर मांजर पोसू नये. काही कच्च्या माशांतील विकर (एन्झाइम) ब-1 जीवनसत्त्व नष्ट करते, तर सुक्या मासळीत मीठ फार असते. या जातीत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार आढळतो. त्याच्याशी निगडित जनुकीय दोष 2005 मध्ये उजेडात आला. जनुकचाचणी निर्दोष आली तरी विकार उद्भवू शकतो, त्यामुळे हृदयाची सोनोग्राफी ठरावीक काळाने करून घ्यावी लागते.