एन्टेबे : सुटका एक, चित्रपट चार

२७ जून १९७६. तेल अवीवहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान अथेन्स सोडताच पळवलं गेलं. बेनगाझीमार्गे ते युगांडात एन्टेबेला उतरलं आणि ३ जुलैच्या मध्यरात्री चार हर्क्युलस या लष्करी मालवाहू विमानांतून इस्रायली कमांडो तिथे पोहोचले. सोबत काळी मर्सिडीज होती. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन आला, असं पहारेकऱ्यांना वाटावं म्हणून. १०२ जण सुटले, कारवाईत तीन ओलीस दगावले आणि पथकाचा प्रमुख योनातन नेतान्याहू मारला गेला.

डिसेंबरात अमेरिकन टीव्हीवर पहिला चित्रपट आलासुद्धा. एलिझाबेथ टेलर, कर्क डग्लस, बर्ट लँकेस्टर, सगळे एकाच पडद्यावर. पण चित्रण फिल्मवर नव्हे, व्हिडिओटेपवर आणि सारी घाई उघडी पडलेली. जानेवारी १९७७ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर अर्विन कर्शनरचा चित्रपट आला, तो उजवा ठरला. त्याला गोल्डन ग्लोब मिळालं. इस्रायलचे पंतप्रधान राबिन साकारणारा पीटर फिंच प्रक्षेपणानंतर पाचव्या दिवशी गेला. त्याच वर्षी मेनाहेम गोलानने इस्रायली हवाई दलाच्या मदतीने तिसरा काढला. खरी हर्क्युलस विमानं धावपट्टीवर उतरताना दिसतात, तेव्हा आजही श्वास अडकतो. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं.

तोवर मोजमाप होतं ते थरार आणि अस्सलपणाचं. २०१८ मध्ये होझे पाडिल्याच्या चित्रपटावर समीक्षक तुटून पडले ते वेगळ्या कारणांनी. अपहरणकर्त्यांच्या मनात इतकं का शिरायचं? योनातनला दुय्यम का केलं? सगळ्यात जास्त टीका झाली शेवटच्या कारवाईवर. गोळीबाराच्या मध्ये मध्ये अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्यांवरचं नृत्य दिसत राहतं. नर्तक अंगावरचे कपडे भिरकावतात, एक जण पुन्हा पुन्हा खाली कोसळतो. अनेकांना तो दिखाऊपणा वाटला. मला तेच धाडस मोलाचं वाटतं, कारण शेवट सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीत नुसता गोळीबार दाखवून आता काही हाती लागत नाही.

माझी खरी तक्रार चारही चित्रपटांबद्दल आहे. ओलिसांपैकी डोरा ब्लॉक या वृद्धेला कारवाईआधीच कंपालाच्या रुग्णालयात हलवलं होतं. सुटकेनंतर अमीनच्या माणसांनी तिला तिथून ओढून नेऊन मारलं. अवशेष सापडले ते अमीनची सत्ता गेल्यावर, १९७९ मध्ये. तिच्यावर बेतलेला चित्रपट अजून माझ्या पाहण्यात नाही.