हायटेन्शन लाइन, मोबाइल टॉवर आणि उंदरांचं कोलेस्टेरॉल

विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे प्राण्यांचं कोलेस्टेरॉल बदलतं, असं कुठे वाचनात आलं की आधी एकच विचारावं: क्षेत्र कोणतं? शेतावरून गेलेल्या हायटेन्शन लाइनभोवती ते असतं आणि गच्चीवरच्या मोबाइल टॉवरभोवतीही असतं. पण प्राण्याच्या शरीरात ही दोन क्षेत्रं जे करतात, त्यात फारसं साम्य नाही. एकावरचा प्रयोग दुसऱ्याचा पुरावा म्हणून सर्रास पुढे केला जातो, ते मला धोक्याचं वाटतं.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. मोबाइलची एक नेहमीची लहर ९०० मेगाहर्ट्झची, म्हणजे १ कोटी ८० लाख पट वेगवान. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र शरीरातून आरपार जातं आणि जाताना आत क्षीण विद्युतप्रवाह निर्माण करतं. ते फार तीव्र असेल तर डोळ्यांपुढे प्रकाशाचे कण चमकतात, त्याहून वाढलं तर मज्जातंतू उत्तेजित होतात. मोबाइलच्या लहरी मज्जातंतूंना उत्तेजित करण्याच्या दृष्टीने फारच जलद असतात. त्यांची ऊर्जा ऊतींमधल्या पाण्यात शोषली जाते आणि तिची उष्णता होते. म्हणून पहिलं क्षेत्र मायक्रोटेस्लात मोजतात आणि दुसऱ्याचा परिणाम दर किलो वजनामागे शोषलेल्या वॅटमध्ये. सामान्य लोकांसाठी ५० हर्ट्झची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. लाइनच्या अगदी खाली साधारण २० पर्यंत सापडतं. मोबाइलच्या बाजूला संपूर्ण शरीराने किलोमागे ४ वॅट शोषले तर तापमान सुमारे एक अंशाने चढतं, म्हणून लोकांसाठीची मर्यादा त्याच्या पन्नासाव्या भागावर, ०.०८ वर, ठेवली आहे.

प्रयोगातला प्राणी लहान असतो, आणि इथे दोन्ही क्षेत्रं चक्क उलट्या दिशांना जातात. ५० हर्ट्झचं क्षेत्र शरीरात किती प्रवाह निर्माण करेल, हे शरीराच्या आकारावर ठरतं. तेच क्षेत्र उंदरात माणसापेक्षा कमी प्रवाह उठवतं. त्यामुळे उंदराला हजार मायक्रोटेस्लात ठेवलं म्हणून प्रयोग लगेच अतिरेकी ठरत नाही. मोबाइलच्या लहरींचं तसं नाही. प्रत्येक शरीर ठरावीक वारंवारतेला सर्वांत जास्त ऊर्जा शोषतं: माणूस साधारण ७० मेगाहर्ट्झला, उंदीर त्याच्या कित्येक पट वर, म्हणजे मोबाइलच्या पट्ट्याच्या बराच जवळ. त्यामुळे त्याच लहरींत उभा केलेला उंदीर माणसापेक्षा सहज जास्त तापतो.

आता कोलेस्टेरॉल. ते मोठ्या प्रमाणावर यकृतात तयार होतं आणि त्याचा वेग एचएमजी-सीओए रिडक्टेज या विकराच्या (एन्झाइमच्या) हाती असतो. उंदीर निशाचर, रात्री खाणारा. हा विकरही त्याच्यात रात्री जोरात चालतो. प्राणी उपाशी राहिला की हा विकर मंदावतो. भीती किंवा कोंडून ठेवण्याचा ताण आला की कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि रक्तातल्या चरबीचं गणित हलतं. म्हणजे रक्त दिवसाच्या कोणत्या वेळी काढलं, पिंजरा किती अरुंद होता, एवढ्यावरही आकडा बदलू शकतो.

मोबाइलच्या प्रयोगात खरा संशयित उष्णता असते. अंग तापलेला उंदीर कमी खातो, कमी खाल्लं की यकृतातली निर्मिती उतरते, आणि अहवालात ‘लहरींमुळे कोलेस्टेरॉल घटलं’ असं दिसतं. ५० हर्ट्झच्या प्रयोगात खोट इतरत्र शिरते. क्षेत्र निर्माण करणारी तारांची वेटोळी गुणगुणतात, थरथरतात, थोडी गरमही होतात. तुलनेसाठीचे उंदीर नुसत्या बंद वेटोळ्यात ठेवले तर फरक क्षेत्राचा की आवाजाचा, हे कळायला मार्ग नाही. काळजीने काम करणारे संशोधक म्हणून दुहेरी तारेचं वेटोळं वापरतात. त्यात दोन तारांतले प्रवाह एकमेकांच्या विरुद्ध सोडले की क्षेत्र जवळपास शून्य होतं, पण आवाज आणि ऊब उरते. मला ही युक्ती फार आवडते.

शिवाय उंदीर हा कोलेस्टेरॉलच्या बाबतीत छोटा माणूस नव्हे. रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण असतात; उंदराचं बरंचसं कोलेस्टेरॉल त्यांतल्या एचडीएलमध्ये (‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलमध्ये) फिरतं, माणसात एलडीएलमध्ये (‘वाईट’ कोलेस्टेरॉलमध्ये); आणि या कणांमध्ये कोलेस्टेरॉलची देवाणघेवाण करणारं सीईटीपी हे प्रथिन उंदरात नसतंच. त्याचं एकूण कोलेस्टेरॉल घटलं, तर त्यात एचडीएलच घटलेलं असू शकतं.

या गोंधळाला आणखी एक कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये विजेच्या चुंबकीय क्षेत्राला आणि २०११ मध्ये मोबाइलच्या लहरींना एकाच ‘२बी’ गटात, म्हणजे संभाव्य कर्करोगकारकांत, टाकलं. पण पहिल्याचा आधार मुलांमधला रक्ताचा कर्करोग होता आणि दुसऱ्याचा मुख्यतः मेंदूतल्या गाठी. कोलेस्टेरॉलचा दोन्हींशी संबंध नव्हता.

उंदरांवरच्या प्रयोगांत कोलेस्टेरॉल कुठे घटलेलं दिसतं, कुठे वाढलेलं, कुठे जसंच्या तसं. ५० हर्ट्झच्या अहवालात तुलनेचं वेटोळं कसं होतं आणि मोबाइलच्या अहवालात उंदराच्या शरीराचं तापमान मोजलं होतं का, एवढं पाहिल्याशिवाय मी त्यातल्या कोणत्याच आकड्यावर भरवसा ठेवत नाही. आणि लाइनखाली गुरं चारणाऱ्याला टॉवरच्या प्रयोगाचा हवाला तर मुळीच देऊ नये.